स्वतंत्र संगीताची समीक्षा + कथालेखन: फ्रीलान्सवर दोन्ही कसं बसवायचं?

अर्धी ओळ

नमस्कार मंडळी,

मराठी-हिंदी स्वतंत्र संगीतावर (रॅप, लोकसंगीत-फ्यूजन, घरच्या घरी रेकॉर्ड केलेले ईपी म्हणजे अल्बमहून छोटे संच वगैरे) दोन पोर्टलांसाठी आणि एका पुरवणीसाठी समीक्षा लिहिते. जोडीला कथा लिहिते, त्या आता दिवाळी अंकांना पाठवायच्या आहेत. नोकरी नाही, सगळा कारभार मानधनावर. जाणकारांनी नेमकं सांगावं:

१. गाणं प्रदर्शित होण्याआधी कलाकार साउंडक्लाउडची खासगी लिंक पाठवतात. तेवढ्यावर मिक्सबद्दल (आवाज-वाद्यांच्या एकत्र जुळवणीबद्दल), ध्वनिमुद्रणाबद्दल किती ठामपणे लिहावं?
२. दिवाळी अंकाला कथा केव्हा आणि कुठल्या स्वरूपात पाठवायची? एकच कथा दोन अंकांना पाठवली तर चालते का?
३. एका कथेत गाण्याच्या ओळी हव्या आहेत. थोड्या आजच्या एका रॅपरच्या, थोड्या जुन्या भावगीताच्या. ‘चार ओळींपर्यंत चालतं’ असं सगळे म्हणतात. खरं आहे का?
४. मानधन उशिरा येतं. टीडीएस (पैसे देतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो तो कसा परत मिळवायचा? कागदपत्रांचं किमान काय सांभाळावं?

खर्ज

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीचं इतर सांगतीलच.

खासगी लिंकवरून मिक्सवर शेरा मारू नका. कलाकाराने वेव्ह फाइल चढवली असली तरी तुमच्यापर्यंत येते ती दाबलेली आवृत्ती. बराच काळ ती १२८ केबीपीएसची एमपी३ असायची. दाबल्याचा पहिला फटका झांजांना आणि हाय-हॅटला बसतो. तिथे पाण्याखालून आल्यासारखी सळसळ ऐकू येते, आणि नवा समीक्षक ती मिक्सच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. लिंक आली की उलट मेल करून दोन गोष्टी मागा: फ्लॅक किंवा २४ बिट वेव्ह फाइल (दोन्हींत आवाजातलं काही गाळलं जात नाही), आणि ‘हे मास्टर झालेलं (शेवटचा हात फिरवून पक्कं केलेलं) आहे का?’ याचं उत्तर. आधी पाठवलेली प्रत पुष्कळदा मास्टर न झालेली असते. आवाज बारीक, बास सैल. प्रदर्शनाच्या दिवशी ट्रॅकचा क्रम आणि प्रत्येकाची लांबी आपल्याकडच्या प्रतीशी ताडून बघा. ३:४२ चं गाणं ३:१५ चं झालं असेल तर तुम्ही वाखाणलेला शेवटचा आलाप कदाचित उडालेला असेल.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा सलग, क्रमाने, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा मिनिट-सेकंदासह टिपणं (‘२:१४, बास गायब, फक्त टाळ्या’). तिसऱ्यांदा वेगळ्या साधनावर, म्हणजे एकदा वायरच्या हेडफोनवर ऐकलं असेल तर आता फोनच्या स्पीकरवर, कारण बहुतेक श्रोता तिथेच ऐकणार आहे. मग एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि चौथ्यांदा शब्द समोर घेऊन ऐका. ३५ मिनिटांचा अल्बम चार वेळा म्हणजे २ तास २० मिनिटं नुसतं ऐकणं. त्यावर ६०० शब्द लिहायला, नावं-श्रेय तपासायला आणखी तीन तास धरा. मानधन ठरवताना हा हिशेब समोर ठेवा. शब्दाच्या दरात ऐकण्याचा वेळ कधीच मोजला जात नाही.

दोन गाण्यांची तुलना करायची असेल तर आवाजाची पातळी सारखी करा. जरा मोठ्याने वाजणारं गाणं कानाला नेहमीच ‘चांगलं’ वाटतं. स्पॉटिफाय मुळात गाणी साधारण −१४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या पातळीचं माप) आणून वाजवतं, बँडकॅम्पवरून उतरवलेली फाइल मात्र जशी असेल तशी वाजते. एक इथून आणि दुसरं तिथून ऐकून ‘याचं प्रॉडक्शन जास्त दमदार’ लिहिलं तर ते फक्त व्हॉल्यूमचं परीक्षण होतं.

रॅपवर लिहिताना बीट (शब्दांखालचं वाद्यसंगीत) कुणाची ते शोधा. ऑनलाइन बीट भाड्याने मिळतात आणि साध्या परवान्यात तीच बीट इतर दहा जणांनाही दिलेली असू शकते. श्रेयनामावलीत निर्मात्याचं नाव नसेल तर कलाकाराला सरळ विचारा: ‘बीट परवान्याने घेतली की तुमच्यासाठी बनवून घेतली?’ रॅपरच्या ‘सांगीतिक दृष्टी’वर परिच्छेद लिहायचा आणि पुढच्या आठवड्यात तीच बीट तिसऱ्याच माणसाच्या गाण्यात ऐकायची, असं व्हायला नको.

लोकसंगीत-फ्यूजनमध्ये वाद्यांची नावं जपून लिहा. संबळ म्हणजे दोन भांड्यांची जोडी, काठ्यांनी वाजणारी, त्यातली एक काठी टोकाला वाकडी. हलगी एकाच कड्याची, एक बारीक आणि एक आखूड काठी. दिमडी बोटांनी. आणि तारपा फुंकून वाजवायचा, भोपळ्याचा. त्याचा तालवाद्यांशी संबंध नाही. वाद्य खरं वाजवलंय की सॉफ्टवेअरच्या संचातून आलंय ते कळायला जलद तुकडा ऐका. प्रत्येक आघात तंतोतंत एकाच जोराचा आणि रंगाचा असेल तर माणूस वाजवत नाहीये. तसं असणं हा दोष नाही, पण ‘गोंधळाची अस्सल परंपरा’ असं लिहिण्याआधी वादकाचं नाव विचारा. नाव नसेल तर ‘नाव दिलेलं नाही’ हे वाचकाला सांगा. तेही समीक्षेतच येतं.

मुद्राराक्षस

दुसरा प्रश्न माझ्या कामाचा.

मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे, आणि आजही नव्या कथाकाराला एकगठ्ठा वाचक तिथेच भेटतो. वेळापत्रक साधारण असं: नामवंतांना निमंत्रणं फेब्रुवारी-मार्चपासून जातात. बाहेरून येणाऱ्या कथा जूनअखेर, फार तर जुलैपर्यंत बघितल्या जातात. ऑगस्टमध्ये अक्षरजुळणी आणि मुद्रितं, सप्टेंबरमध्ये छपाई, दिवाळीच्या दोनेक आठवडे आधी अंक बाजारात. गणपतीच्या सुमारास पाठवलेली कथा चांगली असली तरी तिला जागा उरलेली नसते.

तुमच्या बाबतीत हे सोयीचंच आहे. मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमांचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. समीक्षा, मुलाखती, वृत्तान्त यांची कामं तेव्हा धो-धो येतात. एप्रिल ते जून हा काळ त्या मानाने सुना. कथा तेव्हाच पूर्ण करा. ऑक्टोबरमध्ये कथा ‘मधल्या वेळात’ लिहू म्हणणाऱ्याला तो मधला वेळ कधीच सापडत नाही. डिसेंबरची जास्तीची कमाई मे महिन्यासाठी बाजूला ठेवावी लागेल, हे मात्र आधीच गृहीत धरा.

लांबी २,५०० ते ४,००० शब्द. पाच हजारांच्या वर गेलात की संपादकाला आवडूनही अडचण होते. अंकाची पानं जाहिरातींवर ठरतात आणि शेवटच्या आठवड्यात जाहिरात वाढली की लांब कथा पुढच्या वर्षावर जाते.

आता फाइलबद्दल, कारण खरा घोळ इथे होतो. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवा आणि सोबत तिचीच पीडीएफ जोडा. पीडीएफ ताडून बघण्यासाठी. बरेच छोटे अंक अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टवर, काही तर पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर लागतात, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मग मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि तिथे पुढच्या गोष्टी मोडतात:

– ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’. हा र दोन पद्धतींनी टाइप होतो आणि कन्व्हर्टरला कित्येकदा एकच ओळखू येते. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ झाला की हत्याराचा माणूस होतो.
– ‘ॲ’. ‘ॲम्प’, ‘ॲनालॉग’ असले शब्द संगीताच्या कथेत पावलोपावली येणार. ते एकदा शोधून तपासा.
– रोमन अक्षरं. बँडचं नाव रोमनमध्ये लिहिलंत तर जुन्या फॉण्टमध्ये त्याची देवनागरी कचराकुंडी होते. नावं देवनागरीतच लिहा.
– तिरका ठसा (इटॅलिक). रूपांतरात तो उडतो. गाण्याची ओळ तिरकी करून वेगळी दाखवली असेल तर छापील पानावर ती निवेदनात मिसळून जाईल. अवतरणचिन्हं वापरा किंवा स्वतंत्र ओळीवर घ्या.

लावलेल्या पानांची पीडीएफ मागा आणि ती स्वतः वाचा. संपादक नाही म्हणत नाहीत, फक्त मुदत दोन दिवसांची असते. त्या दोन दिवसांत वाक्यं बदलायला घेऊ नका, मोडलेली अक्षरं तेवढी दाखवा. पानं लागल्यावर परिच्छेद वाढवणाऱ्या लेखकाला पुढच्या वर्षी फोन येत नाही.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. सहा ते आठ आठवडे उत्तर आलं नाही तर ‘कथा मागे घेत आहे’ अशी एका ओळीची मेल करून मगच दुसरीकडे पाठवा. ‘साभार परत’ची पत्रं आता जवळजवळ बंद झाली आहेत. मौन म्हणजे नकार असेलच असं नाही, होकार तर मुळीच नाही. दोन अंकांत एकच कथा आली की दोन्ही दारं बंद. प्रतिलिपी, ब्लॉग, फेसबुक यांवर टाकलेली कथाही बहुतेक संपादक ‘प्रकाशित’ धरतात. मग ती कितीही थोड्यांनी वाचलेली असो.

मागची रांग

ओळींबद्दल. ‘चार ओळी चालतात’ ही निव्वळ अफवा. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ओळींचा वा शब्दांचा असा कुठलाही आकडा नाही.

कलम ५२(१)(अ) खाली समीक्षेसाठी योग्य प्रमाणात उद्धृत करता येतं. म्हणजे परीक्षणात एखादं कडवं देऊन त्यातल्या यमकावर, शिवीवर, बोलीवर लिहिलंत तर तुम्ही त्या सवलतीत बसता. अट एवढीच की उद्धृताला धरून तुमचं काही म्हणणं असलं पाहिजे. अख्खं गाणं छापून खाली ‘अप्रतिम!’ लिहिणं ही समीक्षा नव्हे. कथेत तीच ओळ वातावरणनिर्मितीसाठी आली की या सवलतीचा आधार डळमळीत होतो. माणूस तोच, ओळ तीच, पण परवानगी लागेल असंच धरून चला.

भावगीत किती जुनं आहे यावर काही ठरत नाही. शब्दांचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. तुकाराम, जनाबाई, जात्यावरच्या पारंपरिक ओव्या खुशाल घ्या. फक्त संपादकाने आधुनिक रूपांतर केलेली संहिता उचलू नका.

रॅपरकडून परवानगी मिळवणं त्या मानाने सोपं. मेलमध्ये नेमक्या ओळी उतरवा, कथेचं नाव द्या आणि छापील अंक, डिजिटल अंक, पुढचा कथासंग्रह, अनुवाद, ऑडिओ या पाचही गोष्टींसाठी एकदाच होकार मागा. आज फक्त अंकासाठी घेतला आणि चार वर्षांनी संग्रहाच्या वेळी तो कलाकार एखाद्या लेबलकडे गेलेला असला तर नव्याने फिरावं लागतं. शब्द गायकाचेच आहेत का हेही विचारा. हुक (गाण्यात परत परत येणारी ओळ) कधी कधी भलत्यानेच लिहिलेला असतो. ऑडिओबुकमध्ये निवेदकाने ती ओळ चालीत म्हटली तर चालीचाही हक्क मध्ये येतो, तेव्हा ‘वाचून म्हणावी’ अशी सूचना संहितेतच लिहून द्या.

गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव कथेत यायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर पात्र रॅपर असेल तर ओळी स्वतःच रचा. उसन्या ओळीने पात्र उभं राहत नाही, वाचकाला मूळ गाणं आठवतं आणि तो कथेबाहेर जातो.

हक्कांचं आणखी एक. फ्रीलान्स लेखकाने लिहून सही करून दिला नाही तोवर कॉपीराइट त्याचाच राहतो. अंकाला ‘एकदा प्रसिद्ध करण्याचा हक्क’ एवढंच मेलमध्ये लिहा. कुणी करार पुढे केला तर मुदत, प्रदेश, मोबदला आणि कोणकोणते हक्क हे चारही त्यात आहेत का बघा. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ५ वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, करारात उलट लिहिलेलं नसेल तर. आणि ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे वाक्य दिसलं की ते खोडायला सांगा. ऑडिओ आणि पटकथेचे हक्क दिवाळी अंकाला लागतच नाहीत.

जमाखर्च

चौथा प्रश्न, थोडक्यात. कलमांचे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे देतोय; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आहे, त्यात क्रमांक वेगळे.

टीडीएस: व्यावसायिक मानधनावर १९४जे खाली १० टक्के. २०२५-२६ पासून एका देणाऱ्याकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेलं तरच (आधी ३०,०००). पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेली रक्कम २६एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत) दिसते का ते दर तिमाहीनंतर बघा. देणाऱ्याने विवरण भरल्याशिवाय ती दिसणार नाही, आणि मार्चअखेरच्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत येतं. दिसत नसेल तर जूनमध्येच मेल करा. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तरी विवरणपत्र भरलंत तरच ते पैसे परत मिळतात.

४४एडीए (निम्मी जमा उत्पन्न धरायची सोय) आपल्याला आपोआप लागू होते असं समजू नका. त्या यादीत चित्रपट क्षेत्रातले कथा-संवादलेखक येतात, पुरवणीत परीक्षणं लिहिणारा स्पष्टपणे येत नाही. सीएला विचारा, आणि तोवर खर्चाच्या पावत्या ठेवा: हेडफोन, इंटरनेट, तिकिटं, विकत घेतलेले अल्बम. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वार्षिक २० लाखांच्या वर. पुढे संग्रह निघून रॉयल्टी आली तर ८०क्यूक्यूबी खाली ३ लाखांपर्यंत वजावट आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच आणि पुस्तकाच्या रॉयल्टीवरच. अंकाच्या मानधनाला ती लागू नाही.

उशिरा मानधन: उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योगांची नोंदणी) करा. आधार आणि पॅनवर होते, शुल्क नाही. ‘पैसे भरा, करून देतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. नोंदणीनंतर दिलेल्या कामाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे बंधनकारक आहे. त्यात प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी(एच) मुळे मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब विभाग मार्चमध्ये स्वतःहून फोन करतो. तीन हजारांसाठी या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रार नेण्यात अर्थ नाही, तो क्रमांकच बहुतेकदा काम करतो.

बिलात क्रमांक, तारीख, लेखाचं नाव, प्रसिद्धीची तारीख, ज्या मेलमध्ये मानधन ठरलं तिची तारीख, पॅन, खातं आणि आयएफएससी. मेलमध्ये आकडा ठरलेला नसेल तर बिलाला काही आधारच उरत नाही, म्हणून ‘दर काय?’ हा प्रश्न काम घेतानाच विचारायचा. लेख मागवून छापला नाही तर किती देणार, हेही त्याच मेलमध्ये.

अर्धी ओळ

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून भिंतीवर लावण्यासारखं आहे. दोन उपप्रश्न. कलाकार पैसे देऊन परिचयपत्र (बायो, प्रेसनोट) लिहून मागतात. ते काम घेऊ का? आणि एका गाण्याची धून दुसऱ्या एका जुन्या गाण्यासारखी वाटतेय, तर तसं लिहिण्यात धोका किती?

खर्ज

परिचयपत्राचं काम घ्या, त्यात वावगं काही नाही. पण ज्याचं परिचयपत्र लिहिलं त्याच्या त्या अल्बमची समीक्षा कुठेही करायची नाही, आणि संपादकाने सांगितलीच तर कारण देऊन नकार द्यायचा. पुढच्या अल्बमच्या वेळी लेखाखाली एक ओळ: ‘लेखिकेने या कलाकारासाठी पूर्वी सशुल्क लेखन केलं आहे.’ ‘समीक्षा लिहा, पैसे आम्ही देतो’ म्हणणारा कलाकार समीक्षा नाही, जाहिरात मागतोय. कुणाची कामं घेतली त्याची वर्षवार यादी एका शीटमध्ये ठेवा. हे जग फार लहान आहे, ड्रमर सगळीकडे तोच असतो.

मागची रांग

धुनेबद्दल: मत आणि आरोप वेगळे ठेवा. लोकांपुढे मांडलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांवर सद्‌हेतूने दिलेल्या मताला बदनामीच्या कलमात (आता भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) अपवाद आहे. ‘चाल कंटाळवाणी आहे’, ‘गायन बेसूर आहे’ हे बिनधास्त लिहा. ‘चाल चोरली’ हे मात्र वस्तुस्थितीचं विधान झालं, ते सिद्ध करायची वेळ येऊ शकते.

आधी दोन्ही गाणी एकाच पट्टीत आणून वाजवून बघा. नुसती ठेक्याची चण किंवा चार कॉर्ड जुळत असतील तर तो निम्म्या पॉप संगीताचा सामायिक माल आहे, सोडून द्या. सलग स्वरावली जुळत असेल तर कलाकाराला प्रसिद्धीच्या दोन दिवस आधी मेलवर विचारा आणि उत्तराची मुदत लिहा. मग मजकूर असा: ‘०:४८ पासूनची ओळ अमुक गाण्याच्या ध्रुवपदाशी स्वराला स्वर जुळते. श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख नाही. याबद्दल विचारलं असता…’ आणि पुढे त्याने दिलेलं उत्तर, किंवा ‘प्रसिद्धीपर्यंत उत्तर आलं नाही’. ती मेल आणि दोन्ही फाइल जपून ठेवा.